बेचाळीस किलोमीटर आणि दोन चमचे साय

आमच्या न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीत वरच्या बाजूला हात मावेल एवढी झडप. वाफ बाहेर जावी म्हणून केलेली. वाफ काही जात नाही, पण आतलं बोलणं सगळं बाहेर येतं. हे माझ्या मुलाला आणि सुनेला ठाऊक नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही. म्हातारपणी माणसाला एवढी तरी करमणूक असावी.

त्या दिवशी गोटी दीड महिन्याची होती. गोटी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल, म्हणून गोटी. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण ते अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. तिला न्हाऊ घालायला दोघं आत गेले होते. मी इकडे पातेलं घासत होते.

"सहा महिन्यांनी आहे," सून म्हणाली. "उद्या नाही धावायचंय मला."

"बेचाळीस किलोमीटर! तुला अजून खोकताना पोट धरावं लागतं."

"म्हणून तर सहा महिने हातात आहेत म्हणते. पाणी जरा कमी गरम कर."

"आणि दूध आटलं म्हणजे?"

मग नुसतं पाणी ओतल्याचा आवाज.

"मागच्या वर्षी ही पोटात होती म्हणून त्यांनी माझी जागा यंदावर ढकलली," सून म्हणाली. "दुसऱ्यांदा ढकलत नाहीत. यंदा नाही धावले तर माझं नाव गेलं."

"गेलं तर गेलं. काय बुडणार आहे?"

"तुझं काहीच नाही."

"असं तिरकं नको बोलूस. मी काय म्हणतो, हिच्या वजनात जरा जरी फरक पडला—"

"तर त्याच दिवशी सोडीन. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. लिहून देऊ?"

"आणि तू रस्त्यांनी पळत असताना हिला बघणार कोण?"

"आई."

"आईला विचारलंस?"

"त्या नाही म्हणतील असं वाटतं तुला?"

इकडे मी पातेलं हातात धरून तशीच उभी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझ्यावर एवढा भरवसा ऐकून छाती फुगली माझी. पुढे जो घोळ झाला तो त्या फुगलेल्या छातीनेच केला.

सून चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे फ्रेमा मांडलेल्या असतात तिथे नाही. मागच्या खोलीत, काच घासायच्या यंत्रापाशी. गोल काच येते, ती फ्रेमच्या मापाची करायची, कड मारायची, फ्रेम गरम मण्यांच्या भांड्यात खुपसून मऊ करायची आणि काच बसवायची. त्याआधी गिऱ्हाइकाच्या समोर बसून त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. त्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, आणि मग तो येऊन हिचं दुखवतो. म्हणून दुकानात सगळे तिला 'मिलिमीटर' म्हणतात. घरीही ती तशीच. दोन पेल्यांत सरबत ओतलं तर खाली वाकून, डोळा बारीक करून दोन्ही पेले बघणार. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटायचं, ही बाई माझीसुद्धा मापं काढते आहे की काय.

तिची एक परीक्षा राहून गेली आहे. डोळे तपासायचा परवाना मिळतो ती. दोनदा नाव घातलं होतं. पहिल्यांदा त्याच दिवशी तिच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्यांदा आमच्या घरचं लग्न, म्हणजे तिचंच. तारीख मी ठरवली होती. मला परीक्षेचं ठाऊक नव्हतं, आणि नव्या घरात तोंड उघडायचं कसं म्हणून ती बोलली नाही. हे मला चार वर्षांनी कळलं. त्यामुळे हे धावण्याचं नाव तिने घातलेलं तिसरं नाव, हे माझ्या मनात पक्कं होतं.

धावायला ती लागली तीही मजाच. दुकान घरापासून चार किलोमीटर. मधला पूल दुरुस्तीला काढला आणि बस बंद झाली. ही चालत जायला लागली, मग उशीर व्हायला लागला म्हणून पळत. पूल झाला, बस आली, पण ही काही बसमध्ये चढली नाही. पुढे दोनदा एकवीस किलोमीटर धावली. बेचाळीस कधीच नाही.

"अगं, पण कशासाठी?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"आई, मी दिवसभर माणसाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर बसते. नाक आणि दोन काचा, एवढंच दिसतं मला. धावताना लांबचं दिसतं."

मला ते पटलं. मला तर चष्मा लावूनही लांबचं दिसत नाही.

गोटी तीन महिन्यांची झाली तशी डॉक्टरांनी धावायला हो म्हटलं. पहिल्या दिवशी वीसच मिनिटं गेली. आली तर पुढून सगळा शर्ट ओला. घाम नव्हे, दूध. वरून गोटीच्या रडण्याचा आवाज आला की हिला खाली फाटकापाशीच पान्हा फुटायचा. तळमजल्यावर शिवणवाली राहते, जिभेने कात्रीहून तेज. ती खिडकीतून सगळं बघायची.

"काय आजी, सून पळाली म्हणे?"

"पळाली. पण येते परत. पाजायचंय तिला."

"एवढं गदागदा हलल्यावर दूध राहतं का अंगात? नासतं म्हणतात."

"तुझी जीभ दिवसभर हलते, ती कुठे नासली?"

असं मी म्हटलं खरं, पण जिना चढताना तिचं बोलणं माझ्या डोक्यात घुमत होतं. शिवणवाली मनाने वाईट नाही. तिनेच पुढे हिला जाड दुहेरी कापडाची घट्ट चोळी शिवून दिली, पुढून हूक लावून, की आल्या आल्या उघडून पाजता यावं. शिवताना "नासतं हो, नासतं" चालूच.

गोटी साडेतीन महिन्यांची झाली तशी सून कामावरही जायला लागली. मग ते बाटल्यांचं सुरू झालं. हाताच्या पंपाने दूध काढायची, बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहायची, फ्रिजमध्ये ओळीने लावायची. दिवसाला चार बाटल्या माझ्या हातून जायच्या. रविवारी लांबचं धावणं असायचं, आधी दोन तास, मग अडीच, तेव्हाही बाटल्याच. फ्रिजच्या दारावर तिने एक कागद लावला होता, नऊ ओळींचा. मोठ्या अक्षरात, माझ्यासाठी म्हणून. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, वाचता येतं मला, पण अक्षरं एकेक करून येतात, पाहुण्यांसारखी. पहिल्या तीन ओळी वाचल्या. हात धुवा, तारीख बघा, जुनी बाटली आधी. पुढचं काय असणार ते मला कळलंच. तीन मुलं वाढवलेली बाई मी, मला कागदाने काय शिकवायचं?

आणि मी माझ्या पद्धतीने करत गेले.

ती पद्धत सांगते. फ्रिजमधल्या दुधावर सकाळी पिवळसर साय धरलेली असायची. आईच्या दुधावर साय धरते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या वेळी दूध थेट तोंडात, बाटलीत बघतो कोण? ती साय बघून मी बाटली तशीच खाली ठेवली. कारण माझा हा मुलगा, गोटीचा बाप, दोन महिन्यांचा असताना मला दूध आलं नाही. गाईचं पाजलं. ते त्याला पचेना, ओकून ओकून पोर निळं पडलं. तेव्हा दवाखान्यातल्या एका बाईने सांगितलं, साय काढ, पाणी घाल. तसं केलं आणि पोर वाचलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, की साय म्हणजे तान्ह्याच्या पोटात दगड.

म्हणून मी प्रत्येक बाटलीतून दोन चमचे साय काढून टाकायचे. आणि सून मिलिमीटर, तिला माप कमी दिसायला नको, म्हणून तेवढं उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत भरायचे. सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे असं वाटलं. कणीक मळताना कुणी मीठ घातलं म्हणून सांगतं का?

साडेचार महिन्यांची झाली तेव्हा गोटीला वजनाला नेलं. डॉक्टरीणबाईंकडे थाळ्यासारखा काटा आहे, त्यात लाल आकडे नाचतात आणि मग थांबतात. थांबले ते पाच किलो पाचशेवर. आदल्या महिन्यात पाच चारशे होती.

"महिन्यात शंभरच ग्रॅम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष द्यायला हवं. पंधरा दिवसांनी परत आणा."

बाहेर आल्यावर सून गोटीला टोपी घालायला लागली. जी बाई केसाएवढा स्क्रू चिमट्याने एका झटक्यात बसवते, तिला टोपीचं बटण लागेना.

ते पंधरा दिवस मुलगा कामावरून यायचा तो आधी गोटीला उचलून हातात तोलायचा, आणि माझ्याकडे बघायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. एरवी यावर त्याची रोज एक थट्टा ठरलेली, तीही त्याने सोडून दिली. घाबरू नका म्हटलं होतं म्हणून सुनेने धावणं सोडलं नाही, पण रविवारचं निम्मं केलं. दूध जास्त यावं म्हणून वेळी-अवेळी खायची, अंडी, केळी, ओट्स, भूक नसताना गिळायची. दुकानातही जेवणाच्या सुट्टीत फ्रेमांच्या खोक्यांमागे बसून पंप चालवायची. प्रत्येक बाटली उजेडात धरून बघायची आणि वहीत मिलिलिटर लिहायची.

"बघा ना आई, दूध तर कमी झालेलं नाही. मग जातं कुठे?"

"अगं, काही मुलं असतात किडकिडीत."

"हिचा बाप होता?"

"होता की! नुसती काडी."

हे खोटं नव्हतं. तो काडी का होता ते मात्र माझ्या टाळक्यात शिरलं नाही. उलट मी जास्तच काळजी घ्यायला लागले. वाटलं, पोरीला पचत नसेल, अजून हलकं करावं. दोनाचे अडीच चमचे काढायला लागले.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुपारच्या वेळची एक बाटलीही घेऊन यायला सांगितली होती, मूल कसं ओढतं ते बघायला. सून दुकानातून परस्पर आली, मी घरून गोटीला आणि बाटली घेऊन. निघताना बाटलीची साय मी सवयीने काढलीच होती.

काट्यावर पाच पाचशे वीस.

"वीस ग्रॅम म्हणजे किती हो?" मी विचारलं.

"चार-पाच चमचे साखर, आजी," नर्स म्हणाली. पंधरा दिवसांत माझी नात चार-पाच चमचे साखरेएवढी वाढली होती.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली, आडवी केली, उभी केली. "हे आज सकाळचं? फ्रिजमधलं?"

"हो," सून म्हणाली.

"वर साय दिसत नाही. फ्रिजमधल्या दुधावर थर यायला हवा. त्यातच तर सगळं वजन असतं बाळाचं. पाजताना हलवून एकत्र करायची ती." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तुम्ही खूप धावता आहात का? झोप, खाणं नीट आहे ना? सध्या जरा थांबा. वरचं दूध सुरू करूया, पंधरा दिवस बघू."

सून खुर्चीत पुढे सरकली. "धावण्यामुळे दूध पातळ होतं?"

"तसं सहसा होत नाही. पण दिसतंय ते असं आहे."

आणि मी? मी त्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसले होते. माझ्या कानात नुसता आवाज येत होता, कुकरची शिटी होण्याआधी येतो तसा. सगळं मला त्या एका क्षणात कळलं. तोंड उघडायचं होतं. तिथेच, डॉक्टरीणबाईंसमोर, सांगायचं होतं की बाई, सुनेच्या दुधात खोट नाही, खोट या म्हातारीच्या चमच्यात आहे. पण मी गप्प बसले. नर्सने गोटीला कपडे घातले, आणि मी मोजे शोधायला मदत केली.

घरी आल्यावर सुनेने गोटीला पाजलं, पाठीवर थोपटून ढेकर काढली, माझ्या मांडीवर दिली. मग स्वयंपाकघरात टेबलाशी बसून फोन काढला. मुलगा अजून कामावर होता.

"काय करतेस?"

"नाव काढून टाकते. कबूल केलं होतं मी, त्याच दिवशी म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत, ते गळत राहिले, आणि ती अंगठ्याने अक्षरं दाबत राहिली. "परीक्षा नाही झाली तेव्हा एवढं वाटलं नव्हतं, आई. तेव्हा माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. आता मी माझ्या हौसेसाठी पोरीला पाणी पाजलं."

'पाणी' हा शब्द ऐकला आणि माझ्याने राहवेना.

"थांब," मी म्हटलं. "पाठवू नकोस."

"का?"

"पाणी तू नाही पाजलंस. मी पाजलं."

तिने मान वर केली. मी सगळं सांगितलं. साय, चमचा, रेघेपर्यंतचं पाणी, गाईचं दूध, निळं पडलेलं पोर. सांगताना गोटीला अशी घट्ट धरली होती की ती कुरकुरायला लागली.

सून उठली. फ्रिजमधून एक भरलेली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली, आणि चमचा.

"दाखवा."

"अगं—"

"दाखवा मला, किती काढायचात."

मी काढून दाखवली. तिने चमचा उजेडात धरला. मग वहीतलं पान उलटलं आणि पेन्सिलीने गणित मांडलं: चार बाटल्या, दिवस किती, चमचे किती. आकडा आला तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली. तो आकडा मला तिने आजवर सांगितलेला नाही.

"कागदावर लिहिलं होतं," ती म्हणाली. "चौथी ओळ."

"वाचली नाही मी."

"वाचता येतं तुम्हाला."

"येतं. म्हणूनच वाचली नाही. मला वाटलं, मला काय शिकवतेस?"

"आणि दवाखान्यात? तिथे का गप्प बसलात?"

"भीती वाटली."

"डॉक्टरांची?"

"तुझी."

तेव्हा ती ओरडली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "मला काय वाटत असेल ते नाही दिसलं तुम्हाला? दोन तास! रिक्षात मी माझ्या अंगाला शिव्या देत होते!" न्हाणीघराच्या झडपेची गरजच पडली नसती, खाली शिवणवालीच्या यंत्राचा आवाज बंद झाला तो मला ऐकू आला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग ती कागदापाशी गेली. "या इकडे. वाचा. मोठ्याने."

आणि मी, पासष्ट वर्षांनी, उभी राहून धडा वाचला. चौथी ओळ: 'बाटली गरम पाण्यात धरा, हळू फिरवून वरची साय दुधात मिसळू द्या. पाणी घालू नका.' नऊच्या नऊ ओळी वाचून झाल्यावर तिने पुन्हा वाचायला लावल्या. तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पावडर नको, पण पंधरा दिवसांनी आकडा दिसला पाहिजे.

मुलाला संध्याकाळी कळलं. तो दोन दिवस माझ्या हातचा चहा नको म्हणाला. ते जास्त लागलं.

नाव तिने काढलं नाही, पण धावायलाही गेली नाही. "आकडा दिसेपर्यंत नाही," म्हणाली. बूट दारामागे. तिकडे तिच्या वेळापत्रकातले सगळ्यात लांबचे रविवार एकेक करून निघून जात होते, आणि ती ते पेन्सिलीने खोडत होती. मला बाटली द्यायला तिने बंदी घातली नाही. मला वाटलं होतं घालेल, खाली शिवणवालीकडे ठेवील पोरीला. पण सकाळी निघताना तिने नेहमीसारख्या चार बाटल्या दाखवल्या आणि म्हणाली, "चौथी ओळ." मी म्हटलं, "चौथी ओळ." रोज हाच आमचा संवाद. बाकी कामापुरतं. मी बाटली फिरवताना स्वतःच्या हाताकडे चोरासारखी बघायचे. साय फिरून फिरून दुधात विरघळायची, आणि तेवढ्यानेच मला धाप लागायची.

तिसऱ्यांदा वजनाला गेलो. आकडे नाचायला लागले तशी सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बघत राहिले. पाच आठशे... पाच नऊशे साठ... पुन्हा खाली, पुन्हा वर. गोटी लाथा मारत होती ना.

"धरा हो तिला कुणीतरी!" मी ओरडले.

नर्सने पाय धरले. पाच नऊशे.

"पंधरा दिवसांत तीनशे ऐंशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "आजी, साय चांगली लागलेली दिसते."

सून भिंतीला डोकं टेकून हसत होती की रडत होती ते पाठीवरून कळेना.

पुढे दहा आठवडे राहिले होते. चार आठवडे मोडलेले, त्यामुळे तयारी कच्चीच. एका रविवारी पंचवीस किलोमीटर करून आली ती दारातच बसली आणि म्हणाली, "आई, होणार नाही माझ्याने." मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. त्याहून जास्त काही सांगण्याचा हक्क मी गमावला होता असं मला वाटत होतं.

शर्यतीच्या दिवशी ठरलं असं, की अठ्ठाविसाव्या किलोमीटरला आम्ही गोटीला घेऊन थांबायचं आणि तिने तिथे पाजायचं. गोटी आता आठ महिन्यांची, मऊ भात खायची, पण सुनेचं अंग वेळ झाली की दगडासारखं व्हायचं. एका बंद फर्निचरच्या दुकानाच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. "दहाला दहा कमी असताना येईन," ती म्हणाली होती. मिलिमीटर म्हणाली म्हणजे तेव्हाच येणार.

दहा वाजले. सव्वादहा झाले. धावणारे विरळ होत चालले. मुलाने सांगितलं होतं, सगळ्यांच्या मागून एक पिवळी बस येते आणि जे मागे राहिले त्यांना आत घेते. साडेबाराला शेवटची रेघ बंद. त्या रस्त्याच्या वळणाकडे बघून बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक निळा शर्ट तिचाच वाटायचा. गोटी रडायला लागली, मुलगा रस्त्याच्या कडेने येरझारा घालत होता.

"आई, बस दिसते का बघ तुला."

"मला समोरची पाटी दिसत नाही, बस कुठली दिसते!"

दहा वीसला ती आली. धावत नव्हती, पाय ओढत होती. पायरीवर बसली, हूक उघडला, गोटीला घेतलं. गोटी गटागटा ओढत होती. सुनेच्या पोटऱ्या आपोआप उडत होत्या. मी खाली बसून त्या चोळल्या.

"किती झाली?" तिने विचारलं.

"सात मिनिटं."

"पुरे." तिने गोटीला सोडवून माझ्याकडे दिलं. गोटीने भोकाड पसरलं. ती उभी राहिली, भिंत धरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दुपारची बाटली फ्रिजमध्ये आहे, आई." चौथी ओळ म्हणाली नाही.

मुलगा शेवटच्या रेघेकडे गेला. मी गोटीला घेऊन घरी आले. शिवणवाली वर येऊन बसली, कधी नव्हे ती गप्प. बारा झाले. साडेबारा झाले. फोन वाजेना. मी बाटली फिरवली, पाजली, पुसली, परत पुसली. बारा चाळीसला फोन वाजला.

"बोल!" मी म्हटलं. तिकडून नुसता गलका. "अरे, बोल ना!"

"पोहोचली," मुलगा म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "चार मिनिटं राहिली होती."

शिवणवालीने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यात ओरडली, "मी म्हटलं नव्हतं?" तिने काय म्हटलं होतं ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

दोघं तीनला आले. सून न्हाली, जेवली, गोटीला घेऊन झोपली ती सहाला उठली. मुलगा सोफ्यावर आडवा, घोरत. रविवार होता. रविवारी संध्याकाळी कचरा खाली नेऊन ठेवायचा, आणि तो तीच नेते.

"राहू दे ग, मी नेते," मी म्हटलं.

"तुम्ही? तुमचे गुडघे?"

"आणि तुझे?"

"माझे उद्या बरे होतील."

तिने पिशवीला गाठ मारली, दुसरी पिशवी डब्यात नीट बसवली, कडा सारख्या केल्या. मग जिन्याच्या तोंडाशी गेली, एक पाय खाली टाकून बघितला, आणि वळली. तोंड माझ्याकडे, पाठ जिन्याकडे, एका हातात कचरा, अशी उलटी उतरायला लागली.

"अगं बाई, हे काय?" खालून शिवणवालीचा आवाज.

"सरळ उतरता येत नाही, ताई. उलटं बरं पडतं."

"मग माझाही कचरा ने ना, आता उतरतेच आहेस तर."

"दारात ठेवा. घेते."

मी गोटीला कडेवर घेऊन कठड्यापाशी उभी राहिले. ती एकेक पायरी उलटी उतरत दिसेनाशी झाली. खाली कचरापेटीचं झाकण दोनदा वाजलं.